घरची लिफ्ट : दोराइतकेच दाराकडेही पाहा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत घरगुती लिफ्टविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या वृद्धांना आणि चाकांच्या खुर्चीवर असलेल्यांना वरच्या मजल्यावरचे स्वतःचे घर पुन्हा मिळवून देणारे हे साधन आहे, आणि त्याची माहिती साध्या भाषेत दिल्याबद्दल लेखकाचे आभारच मानायला हवेत. मात्र 'आता घरगुती लिफ्ट तीन-चार दिवसांत बसवून मिळते' हे त्यातील वाक्य मला खटकत राहिले. सुटे भाग जोडून केबिन वर-खाली धावू लागली, एवढ्यालाच 'बसवणे' म्हणायचे असेल तर ते खोटे नाही. परंतु लिफ्ट बसवणे, तिची जुळणी करणे आणि ती दुरुस्त करणे यांत मी तीस वर्षे काढली आहेत, त्यातील निम्म्याहून अधिक घरांमधल्या लहान लिफ्टवर, आणि त्या अनुभवावरून मी सांगतो की लिफ्ट पहिल्यांदा धावते तेव्हा काम अर्धेच झालेले असते. उरलेले अर्धे काम म्हणजे जिला आम्ही 'ॲडजस्टमेंट' म्हणतो ती मिलिमीटरमिलिमीटरची जुळणी. घरातली माणसे सुरक्षित राहणार की नाही हे तिथे ठरते, आणि घाई केली जाते तीही नेमकी तिथेच.

नवी लिफ्ट दाखवताना घरमालक पहिला प्रश्न हमखास विचारतात, "दोर तुटला तर?" भीती स्वाभाविक आहे, पण तिचे उत्तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मिळाले आहे. एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात स्वतः उंच फळीवर उभे राहून लोकांसमोर दोर तोडायला लावला. दोराचा ताण जाताच फळीवरची वाकवलेली स्प्रिंग सरळ झाली, बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकली आणि फळी जागच्या जागी थांबली. आजचे सेफ्टी गिअर त्याच विचाराचे पुढचे रूप आहे : वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर आपला वेगळा दोर अडवतो, त्या दोराने सेफ्टी गिअर ओढले जाते आणि केबिनखालचे जबडे गाइड रेल, म्हणजे केबिन ज्यांच्या आधाराने सरकते ते उभे रूळ, घट्ट पकडतात. शिवाय प्रवासी लिफ्टच्या युरोपीय मानकात तीन किंवा अधिक दोर असतील तर भाराच्या किमान बारा पट आणि दोनच असतील तर सोळा पट मजबुतीची अट असते. माझ्या सगळ्या नोकरीत वर टांगलेला दोर तुटून केबिन कोसळल्याचे मी एकदाही पाहिले नाही. दारापाशी घडलेले आणि घडता घडता राहिलेले अपघात मात्र मी पाहिले आहेत, आणि दाराबद्दल मला क्वचितच कोणी प्रश्न विचारला.

घरच्या लिफ्टला बहुधा दोन दारे असतात. मजल्यावरचे दार घराच्या इतर दारांसारखे बिजागरीवर उघडणारे, आणि केबिनचे दार घडीचे किंवा सरकते. वास्तुरचनाकाराला बाहेरचे दार भिंतीच्या बाहेरच्या अंगाशी सपाट दिसावेसे वाटते, कारण ते तसे सुंदर दिसते. भिंत जाड असेल तर दार आणि केबिन यांच्यामध्ये एक कोनाडा तयार होतो. मोठ्या माणसाला त्याचे काहीच वाटत नाही. तीन-चार वर्षांचे मूल मात्र त्या कोनाड्यात पाठ टेकून आरामात उभे राहू शकते. बाहेरचे दार लागते, आतले घडीचे दारही लागलेले असते, दोन्ही दारांचे विद्युत संपर्क जुळतात आणि लिफ्ट चालवणाऱ्या कंट्रोलरच्या दृष्टीने सारे काही व्यवस्थित असते. अशा वेळी दुसऱ्या मजल्यावरून कोणी बटण दाबले तर लिफ्ट निघते आणि मूल दोन दारांमध्ये राहते. यात एकही भाग बिघडलेला नसतो, म्हणूनच हा धोका देखभालीच्या तपासणीतही सुटून जातो.

अमेरिकेत अशा अपघातांत मुले दगावली आहेत, कायमची अपंग झाली आहेत. तिथल्या ए-१७.१ या लिफ्ट मानकात पूर्वी मजल्यावरच्या दारापासून उंबरठ्याच्या कडेपर्यंत तीन इंच आणि दोन दारांमध्ये पाच इंच अंतर चालत असे. २०१६ च्या आवृत्तीत ते अनुक्रमे पाऊण इंच आणि चार इंच, म्हणजे सुमारे १९ आणि १०२ मिलिमीटर, इतके आणले गेले. २०१९ साली तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जुन्या घरगुती लिफ्टमधील ही फट तपासून घेण्याचा जाहीर इशारा दिला. फट भरण्याचा उपाय फार अवघडही नाही. मजल्यावरच्या दाराच्या आतल्या अंगाला घट्ट बसणारा भरीव ठोकळा लावला की कोनाडाच उरत नाही. आपल्याकडचा नियम काय, इथे ते लागू आहे का, असा वाद मी या जागी घालू इच्छित नाही. मुलाच्या अंगाची जाडी देशानुसार बदलत नाही. चार इंच रुंदीचा लाकडी ठोकळा घेऊन दोन्ही दारांमधल्या जागेत वरपासून खालपर्यंत धरून पाहावा. घडीचे दार हाताने दाबले असता मागे सरकते, म्हणून ते दाबून धरूनही पाहावे. ठोकळा सैलपणे मावत असेल तर त्या घरातली लिफ्ट, ती कितीही नवी असो, अजून पूर्ण झालेली नाही. आणि ही तपासणी केबिन त्या मजल्यावर थांबलेली असताना, वीजपुरवठा बंद करूनच करावी.

दाराची जागा ठरते ती बांधकामाच्या वेळी, म्हणून तिथल्या दोन गोष्टींविषयी थोडे लिहितो. पहिली फरशीची पातळी. लिफ्टवाल्याने दाराचे उंबरठे बसवले की नंतर फरशीवाला येतो. त्याने खाली चुन्याचा थर थोडा जाड धरला तर तयार जमीन उंबरठ्यापेक्षा दहा-पंधरा मिलिमीटर वर येते आणि मग प्रत्येक मजल्यावर वेगळी पायरी तयार होते. गवंडी आणि लिफ्टचा फिटर या दोघांनी मिळून प्रत्येक मजल्याच्या भिंतीवर तयार फरशीची एकच खूण मारावी आणि दोघांनीही तीच मानावी, एवढे साधे पथ्य पाळले तर निम्मी भांडणे मिटतात. दुसरी गोष्ट भिंतीची. गाइड रेल भिंतीला धरून ठेवणारे ब्रॅकेट पोकळ विटांच्या भिंतीत ठोकलेल्या फास्टनरवर विसंबून ठेवता येत नाहीत. सेफ्टी गिअर पकडते त्या क्षणी केबिनचा सारा भार रेलवर आणि त्या ब्रॅकेटवर येतो. त्यासाठी काँक्रीटची पट्टी किंवा पोलादी चौकट आधीच धरावी लागते आणि त्यावर बांधकाम अभियंत्याची नजर फिरावी लागते. तळाच्या खड्ड्यात पाणी झिरपणार नाही याची काळजी आणि डक्टमधून, म्हणजे लिफ्टच्या उभ्या पोकळीतून, पाण्याचे नळ न नेण्याचे पथ्य ही तर सर्वांना ठाऊक आहेत, तरीही मी डक्टमधून नेलेले नळ पाहिले आहेत.

रेल सरळ उभ्या राहणे हा सगळ्या जुळणीचा पाया. आमच्या काळात लेसर नव्हते. डक्टच्या माथ्यापासून दोन बारीक पोलादी तारा सोडायच्या, त्यांना ओळंबे बांधायचे, आणि ओळंबे हलू नयेत म्हणून तळाला तेलाच्या बादलीत बुडवून ठेवायचे. तार पूर्ण स्थिर होईपर्यंत कोणी काही बोलत नसे. मग प्रत्येक ब्रॅकेटपाशी तार आणि रेल यांच्यातील अंतर पट्टीने मोजून भिंतीवर खडूने आकडा लिहायचा. एका घरी डक्टची भिंत तळापासून माथ्यापर्यंत अठरा मिलिमीटर कललेली निघाली. नुसत्या डोळ्यांना ती अगदी सरळ दिसत होती. त्या कलानुसार रेल बसवल्या असत्या तर केबिन धावली असती, हिसके देत धावली असती, आणि वरच्या मजल्यावर उंबरठ्याची फट खालच्यापेक्षा मोठी झाली असती. केबिनचा उंबरठा आणि मजल्याचा उंबरठा यांमधील आडवी फट युरोपीय मानकानुसार ३५ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. वॉकरचे पुढचे चाक किंवा काठीचे टोक अडकायला त्याहून मोठी फट पुरेशी असते.

उभ्या फरकाचेही तसेच. थांबताना केबिनची फरशी मजल्याच्या फरशीपासून दहा मिलिमीटरच्या आत यावी, असा दंडक प्रवासी लिफ्टसाठी आहे. घरच्या लिफ्टमध्ये मी पाच मिलिमीटरच्या आत आणल्याशिवाय हात काढत नसे, कारण घरची लिफ्ट ज्यांच्यासाठी असते त्यांची पावले उचलत नाहीत, घसटत पुढे येतात. एका आजींच्या घरी सकाळी लेव्हल तंतोतंत जुळवून आलो आणि संध्याकाळी फोन आला की वॉकरचे चाक अडते आहे. लिफ्ट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी होती. सकाळी तेल थंड होते. दिवसभराच्या फेऱ्यांनी ते तापून पातळ झाले होते, त्यामुळे थांबण्याचे अंतर बदलले होते. शिवाय मी रिकाम्या केबिनवर जुळणी केली होती, आणि आजी नेहमी मुलासोबत चढत. त्यानंतर मी लेव्हल कधीही एकाच स्थितीत जुळवली नाही : रिकामी केबिन, एक माणूस, पूर्ण भार, थंड तेल, तापलेले तेल, वर जाताना आणि खाली येताना. मजल्याची जागा ओळखणारे चुंबक किंवा पट्टी दोन-तीन मिलिमीटर सरकवायची, पुन्हा फेरी मारायची, पुन्हा पट्टी लावून मोजायचे. अशा तीस-चाळीस फेऱ्या लागतात आणि बघणाऱ्याला वाटते की हा माणूस उगाच वर-खाली करतो आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला मी खरोखर बसलो ती सांगतो. लिफ्टमध्ये सगळी सुरक्षा एका साखळीत ओवलेली असते. प्रत्येक मजल्याच्या दाराचे कुलूप, केबिनचे दार, गव्हर्नर आणि सेफ्टी गिअरचे स्विच, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा लिमिट स्विच, खड्ड्यातील थांबवण्याचे बटण, हे सारे संपर्क एकामागोमाग एक जोडलेले असतात, आणि त्यातला कोणताही एक उघडला की मोटरची वीज तुटते आणि ब्रेक लागतो. जुळणीच्या काळात दारे अजून लागलेली नसतात, तेव्हा फिटर वायरचा एखादा तुकडा लावून त्या साखळीतील कडी तात्पुरती पार करतो. त्याला आम्ही जंपर म्हणतो. काम संपताना तो काढायचा असतो.

एका घरात पहिल्या मजल्याच्या दाराचे कुलूप नीट बसत नव्हते. मी त्याच्या संपर्कावर जंपर लावला आणि बाकीची जुळणी उरकून घेतली. अंधार पडला होता, घरच्यांना दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना लिफ्ट दाखवायची होती. मी कंट्रोलरचे झाकण लावले आणि निघालो. जंपर आतच राहिला, आणि कुलूपही तसेच. सकाळी घरातल्या सूनबाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन पहिल्या मजल्यावर आल्या. त्यांनी दार ओढले, ते उघडले. केबिन तळमजल्यावर होती. दाराच्या आत आधी बादली ठेवायची आणि मग आपण पाऊल टाकायचे अशी त्यांची सवय होती, म्हणून बादली खाली गेली आणि त्या बाहेर राहिल्या. बादली खालच्या केबिनच्या छतावर आदळल्याचा आवाज त्यांनी मला फोनवर सांगितला, तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही. ती चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, माझ्या हाताची होती, आणि कोणत्याही कंपनीच्या मालाचा तिच्याशी संबंध नव्हता.

त्या दिवसापासून मी दीड मीटरहून आखूड जंपर वापरला नाही. लालभडक वायर, टोकाला क्रमांक ठोकलेली पत्र्याची चकती, आणि लांबी इतकी की ती लावलेली असताना कंट्रोलरचे झाकण बंदच होऊ नये. कामाला जाताना खिशात किती आहेत ते वहीत लिहायचे आणि परतताना मोजायचे. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हे करायला लावले. दार लागत नसेल तर दार दुरुस्त होईपर्यंत लिफ्ट बंद राहील, मग घरमालक कितीही रागावोत. वाचकांनाही माझी हात जोडून विनंती आहे की 'आजच्या दिवस चालू करून द्या, दाराचे नंतर बघू' असे फिटरला कधीही म्हणू नका. तुमच्या आग्रहापुढे झुकणारा फिटर तुम्हाला सापडेल, हीच त्यातली मोठी भीती आहे.

दाराचे कुलूप नीट आहे का, हे पाहण्यासाठी कोणतेही झाकण उघडावे लागत नाही. केबिन कोणत्याही एका मजल्यावर पाठवावी आणि बाकीच्या प्रत्येक मजल्यावर उभे राहून दार ओढून पाहावे. ते जराही सरकता कामा नये. मग केबिन जिथे आहे तिथे येऊन, बाहेरच उभे राहून, दार बोटभर उघडे ठेवून बटण दाबावे. केबिन हलता कामा नये. हलली तर मुख्य स्विच बंद करावा आणि माणूस बोलवावा. प्रवासी लिफ्टच्या मानकात कुलपाची जीभ खाचेत किमान सात मिलिमीटर शिरल्याखेरीज लिफ्ट निघू नये अशी अट असते, आणि ते तपासणे फिटरचे काम आहे. तो तपासतो की नाही हे विचारणे मात्र घरमालकाचे. दार बाहेरून उघडण्याची तीनकोनी किल्ली घरात असेल तर ती भिंतीवरच्या खिळ्याला लटकवू नये. अडकलेल्या माणसाला काढण्याच्या घाईत याच किल्लीने दार उघडले जाते, केबिन दोन मजल्यांच्या मध्ये असते, आणि बाहेर उडी मारणारा माणूस मजल्यावर न पडता केबिनच्या खालून डक्टमध्ये घसरतो. केबिनच्या उंबरठ्याखाली लोंबणारा पत्रा, ज्याला एप्रन म्हणतात, तो हीच जागा झाकण्यासाठी असतो. अडकलेल्याने केबिनमध्येच बसून राहावे, ती त्या क्षणी घरातली सर्वांत सुरक्षित जागा असते.

घरमालकाने काय करू नये, याबद्दल एका गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे. हाताला कामाची सवय असलेले पुष्कळ लोक स्वतःच लिफ्टचा ब्रेक कसायला किंवा सैल करायला जातात, आणि ब्रेक सुटला तर केबिन खाली येईल, म्हणून खाली काहीतरी टेकू देऊन ठेवतात. काउंटरवेट, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला समतोलासाठी टांगलेले वजन, असलेल्या लिफ्टमध्ये रिकामी केबिन खाली येत नाही, ती वर जाते. कारण काउंटरवेटचे वजन केबिनच्या वजनाइतके असते आणि त्याशिवाय तिच्या क्षमतेच्या साधारण निम्मे आणखी असते. ब्रेक सुटताच काउंटरवेट खाली खेचते, केबिन माथ्याकडे झेपावते, आणि केबिनच्या छतावर काम करणाऱ्या माणसाला डोके वाचवायला जागा उरत नाही. हायड्रॉलिक आणि ड्रमवर दोर गुंडाळणाऱ्या लिफ्टचे वागणे याच्या उलट, म्हणून एका लिफ्टचे शहाणपण दुसरीला लावता येत नाही. ब्रेक, गव्हर्नर, सेफ्टी गिअर, आणि हायड्रॉलिक असेल तर दाबाचा व्हॉल्व्ह आणि सिलिंडरवरचा नळी फुटल्यास तेल रोखणारा व्हॉल्व्ह, यांच्या स्क्रूला कोणीही घरच्या पान्याने हात लावू नये. गव्हर्नर ठरावीक वेगावर जुळवून सीलबंद केलेला असतो. सील तुटलेले दिसले तर तेवढे कारण लिफ्ट बंद ठेवायला पुरेसे आहे. स्क्रूवर चालणाऱ्या लिफ्टमध्ये भार पेलणाऱ्या नटखाली एक सुरक्षा नट असतो आणि त्या दोघांमधील अंतर कमी होत जाणे म्हणजे वरचा नट झिजत जाणे. ते अंतर दर तपासणीला मोजून लिहिलेले असावे.

सेफ्टी गिअरचे जबडे रेलपासून दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर असावे लागतात, नाहीतर एक बाजू आधी पकडते आणि केबिन तिरपी होते. हे अंतर फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, जुळवून, नंतर केबिनमध्ये वजने ठेवून सेफ्टी गिअर प्रत्यक्ष लावून पाहावे लागते. त्या चाचणीत रेलवर ओरखडे उठतात आणि ते कानसून गुळगुळीत करावे लागतात. म्हणून मी घरमालकांना सांगत असे की नव्याकोऱ्या रेलवर घासलेल्या खुणा दिसल्या तर नाराज होऊ नका. एकही खूण दिसली नाही तर मात्र चाचणी कधी केली ते विचारा. त्याचप्रमाणे क्षमतेच्या सव्वापट भार घेऊन खाली येणारी केबिन ब्रेकने थांबते की नाही, हेही तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. त्यासाठी मोजलेली वजने आणावी लागतात. चार माणसे उभी करून ही चाचणी कोणी करू लागला तर ती तिथेच थांबवा, कारण जी गोष्ट थांबते की नाही हेच अजून माहीत नाही तिच्यात माणसे उभी करायची नसतात.

जुळणी एकदाच करून संपत नाही. नवे दोर पहिल्या काही आठवड्यांत ताणतात, आणि सारखे ताणत नाहीत. मग एका दोरावर भार जास्त येतो आणि तो लवकर झिजतो. म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांनी ताण सारखा करण्यासाठी फिटरने परत यायला हवे, आणि ही फेरी करारातच लिहिलेली असावी. दुसरे कारण घरातच निर्माण होते. लिफ्ट सुरू झाली की तिला सजवायची हौस येते. एका घरी केबिनच्या जमिनीवर ग्रॅनाइट बसवले गेले. एक चौरस मीटर जागा आणि वीस मिलिमीटर जाडी, म्हणजे पन्नास किलोहून अधिक वजन, त्यावर एका भिंतीला आरसा. केबिन जड झाली, काउंटरवेट होते तेवढेच राहिले, जास्त भाराची सूचना देणारा घंटीचा संकेत चुकीच्या आकड्यावर वाजू लागला, आणि नवी फरशी वीस मिलिमीटर वर आल्याने सगळ्या मजल्यांची लेव्हल बिघडली. त्या घरच्यांना वाटत होते की लिफ्टमध्ये बिघाड झाला आहे. लिफ्ट तीच होती, तिच्या जुळणीचे आकडे जुने झाले होते.

वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेणारी बॅटरी, आतला दिवा आणि आतला फोन यांची परीक्षा मुख्य स्विच खरोखर बंद करूनच होते. हिरवा दिवा लागलेला आहे म्हणून बॅटरी चांगली आहे असे समजू नये. आणि ही परीक्षा घ्यावी तेव्हा केबिनमध्ये धडधाकट माणूस असावा आणि बाहेर दुसरे कोणी.

माझी सूचना इतकीच आहे की लिफ्ट ताब्यात देताना जुळणीचा लेखी तक्ता देण्याची रीत पडावी. प्रत्येक मजल्याची लेव्हल रिकाम्या आणि भरलेल्या केबिनवर किती मिलिमीटर आली, दोन दारांमधले अंतर किती, उंबरठ्याची फट किती, कुलपाची जीभ किती शिरते, सेफ्टी गिअर आणि ब्रेकची चाचणी कोणत्या दिवशी कोणत्या भारावर झाली, किती जंपर आले आणि किती परत गेले. खाली फिटरची सही, घरमालकाची सही. 'सर्व ठीक' असा शेरा मला नको आहे. आकडे हवे आहेत, कारण पुढच्या वर्षी येणाऱ्या फिटरला आकड्यांवरूनच काय सरकले ते कळते. कामाचा शेवटचा हप्ता हा तक्ता हातात पडेपर्यंत राखून ठेवावा, आणि तो मागताना घरमालकाने अजिबात संकोच करू नये. प्रामाणिक फिटरला त्यात अपमान वाटत नाही. त्याच्या ज्या कामाकडे कोणी पाहत नाही ते कोणीतरी पाहिले, याचे त्याला समाधानच वाटते.

शेवटी एक विनंती. त्या लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचे पुरवणीत लिहिले आहे. त्यात भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बसवलेले दार, मधला कोनाडा आणि केबिनचे दार दाखवणारी एक आकृती, ती चार इंचांची खूण करून, छापता आली तर पाहा. ती आकृती मी हाताने काढून या पत्रासोबत जोडत आहे. रेषा थरथरलेल्या आहेत, मापे मात्र बरोबर आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लिफ्ट तंत्रज्ञ